अलिबागहून, अलिबागला

'मी काय अलिबागहून आलोय का?' असं कुणी त्राग्याने विचारलं, की मी गप्प बसतो. कारण मी खरोखरच अलिबागहून आलोय. हा वाक्प्रचार बंद करावा म्हणून 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली आणि आमचं बावळटपण कायम राहिलं. आमच्या बाजूने एवढंच सांगतो, की मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिचकणार, अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा साहेबाने त्यांच्यासाठी शांत जागा शोधली, ती अलिबागला. 1904 पासून तिथे वेधशाळा आहे. सुया निवांत आहेत.

माझी सुई मात्र सध्या गरगर फिरते आहे. पुढच्या महिन्यात आम्ही नेदरलँड्समधलं बिऱ्हाड मोडून कायमचे घरी निघालो आहोत.

सात वर्षांपूर्वी आम्ही ज्या गावी आलो, त्याचं नाव चीजच्या पाकिटावर आपण 'गौडा' असं वाचतो. तिथली माणसं मात्र पहिलं अक्षर घसा खरवडून काढतात आणि गावाचं नाव 'खौदा' होतं. धरमतर खाडीकाठच्या खारेपाटात वाढलेल्या माणसाला 'ख' जड जात नाही. जड गेलं ते बाकीचं.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी कॉफीला बोलावलं. म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला. मी पावणेअकराला पोचलो आणि वेळेवर आल्याच्या आनंदात हसलो. त्या हसल्या नाहीत. कॉफीबरोबर पत्र्याचा एक डबा आला. त्यात या गावचीच म्हणून प्रसिद्ध असलेली, पाकाने चिकटवलेली स्ट्रोपवाफलची बिस्किटं होती. मी एक उचललं आणि डब्याचं झाकण टक्कन लागलं. तो आवाज मी सात वर्षं ऐकतो आहे. कॉफी एक, बिस्किट एक. आमच्याकडे पाहुण्याने 'पुरे' म्हटल्यावर जेवणाला खरी सुरुवात होते. इथे झाकण लागलं की कार्यक्रम संपतो.

त्यांना मी 'आजी' म्हणू लागलो. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. "पण मी तुझी आजी नाही," त्या म्हणाल्या. राग नव्हता, नोंद होती. इथली माणसं मनातलं तोंडावर बोलतात. एकदा आम्ही रॉटरडॅमच्या सुरिनामी दुकानात मिळालेली सुकट खिडक्या लावून भाजत होतो, तर आजी दारात. "तुमच्या घरात काही मेलंय का?" मी म्हटलं, "हो, पण खूप दिवसांपूर्वी." त्या आत आल्या, कढईत डोकावल्या, एक सुकट तोंडात टाकली आणि "खारट आहे" असा निकाल देऊन गेल्या. आमच्याकडे हेच चार घरं फिरून, आठ दिवसांनी, आईच्या कानावर आलं असतं.

या सरळपणाची सवय होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता वाटतं, आपल्याकडे 'बघतो' म्हणजे हो की नाही, 'येऊन जा' म्हणजे केव्हा, 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणजे घरून निघालास की अजून अंघोळ व्हायची आहे, हे सगळं पुन्हा शिकावं लागणार. आठ वर्षांच्या लेकीला तर हे नव्यानेच शिकायचं आहे. परवा तिने विचारलं, "आजीकडे लोक न विचारता येतात?" म्हटलं, "येतात की." ती विचारात पडली. "मग आपण एकटे कधी असतो?" सात वर्षं मी नेमका उलटा प्रश्न घेऊन बसलो होतो. रविवारी दुपारी दाराची घंटा वाजावी म्हणून तिच्याकडे बघत बसलो होतो. ती वाजली की दारात पार्सलवाला असे, तेही शेजारच्यांचं.

इथल्या बहुतेक घरांत संडासात एक कॅलेंडर असतं, सगळ्या नातलगांच्या नि मित्रांच्या वाढदिवसांचं. बसल्या जागी रोज नजर जावी, ही त्यामागची व्यवहारी बुद्धी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलो. दुसऱ्या वर्षी आम्हीही टांगलं. वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडतात आणि आलेला प्रत्येक जण नुसतं वाढदिवसवाल्याचंच नाही, तर त्याच्या बायकोचं, आईचं, सासऱ्याचंही हात हातात घेऊन अभिनंदन करतो. हे मात्र मला मनापासून पटलं. माणूस वर्षभर टिकला, त्यात घरच्यांचंही श्रेय असतंच. सामान बांधताना बायकोने ते कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि म्हणाली, "हे घरी नेऊन लावायचं कुठे? तुझ्या आईंना काय सांगायचं?" आईचा वाढदिवस तिथे मार्चच्या पानावर, फ्लशच्या बरोबर वर होता. हे आईला कधीच कळता कामा नये.

पण मला या देशाने खरं जिंकलं ते पाण्यावरून. आमच्या गावापासून जवळच या देशातली सगळ्यात खोल जमीन आहे, समुद्रसपाटीच्या पावणेसात मीटर खाली. लोक तिथे गाई पाळतात, ट्युलिप लावतात आणि सहा वाजता जेवून घेतात. पाणी सांभाळायला इथे तेराव्या शतकापासून वेगळी मंडळं आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि परदेशी रहिवाशालाही मत देता येतं. मार्च 2023 मध्ये मी मत दिलं. परक्या देशात माझं पहिलं मत पडलं ते बांधाला. आबांना फोनवर सांगितलं, तर खूश झाले. त्यांच्या लहानपणी उधाणाच्या आधी घरटी एक माणूस चिखल घेऊन खारबांधावर जायचा. आता बांधासाठी अर्ज जातो. खांड मात्र अर्ज पोचायच्या आधीच पडते आणि भातखाचरात खाडी शिरते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा इथे छान ऊन पडलं होतं. घरचा फोन लागत नव्हता. मी अंगणात बसून तोच नंबर फिरवत होतो. आजींनी कुंपणावरून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसल्या. आधी वेळ ठरवली नव्हती. मग त्यांनी 1953 सालची गोष्ट सांगितली. फेब्रुवारीतली पहिली रात्र, झीलंडचा किनारा, फुटलेले बांध, 1,836 माणसं गेली. त्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. छपरावर बसून त्यांनी सकाळ होताना पाहिली. तिसऱ्या दिवशी आमचा फोन लागला. "पत्रे गेले, नारळी आडव्या झाल्या, आम्ही आहोत," आई म्हणाली. आणि मग, "तू जेवलास का?"

घरचे पत्रे कुणी बसवले? गावातल्यांनी. कुणी वेळ मागितली नाही, कुणी दिली नाही. मी पैसे पाठवले, ते नंतर पोचले. परत जायचं तेव्हाच ठरलं असावं. आम्हाला कळायला पाच वर्षं लागली.

तरी भीती वाटते. 2011 पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग आणि शनिवारी वडखळला लागणाऱ्या रांगा आठवून सायकलीची मूठ मी जरा घट्ट धरतो. इथे वर्षभर टिपटिपणारा पाऊस मला रडका वाटायचा. आता भीती आहे ती त्याच्या दुपटीहून जास्त, चार महिन्यांत कोसळणाऱ्या आमच्या पावसाची, कारण तेव्हा वीज जाणार आणि लेक विचारणार, "केव्हा येईल?" तिला उत्तर मिनिटांत लागतं. मला आठवतंय ते 'येईल' एवढंच.

पोपटी मात्र डोळ्यांसमोर आहे. थंडीतली रात्र, मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वालाच्या शेंगा, वर पेटलेला पेंढा. पांढऱ्या कांद्याच्या माळा, तळ्यातला जिताडा. आणि तरीही मला आत्ताच कळून चुकलंय, की त्या शेकोटीपाशी बसून मी कुणाला तरी सांगत असेन, 'आमच्या खौदाला...' आणि कुणीतरी म्हणेल, 'झालं याचं सुरू.'

आमच्या खारबांधात उघाडी असते. ओहोटीला गावातलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ते दार लोटून घेतो. कुणाला उभं राहावं लागत नाही. सध्या माझी उघाडी बिघडली आहे. ओहोटीत बंद, भरतीत उघडी, आणि दोन्हीकडचं पाणी आत.

काल आजींनी निरोपाच्या कॉफीला बोलावलं. गुरुवार, साडेदहा. मी दहा एकोणतीसला दारात होतो. कॉफी झाली, एक बिस्किट झालं, झाकण लागलं. मग आजींनी माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ बघितलं, आणि डबा पुन्हा उघडून माझ्यापुढे धरला. सात वर्षांत पहिल्यांदा. मला भरून आलं. आणि आईने लावलेलं वळण नको तेव्हा उसळून वर आलं. मी म्हटलं, "नको, नको."

"बरं," आजी म्हणाल्या, आणि झाकण टक्कन लागलं.

मी खरोखरच अलिबागहून आलोय.