रिबोअर कुठे करणार?

इंदापुरात सोलापूर रस्त्याच्या कडेला रिबोअरचं एक जुनं दुकान आहे. परवा तिथे एका दूधवाल्याच्या मोटरसायकलचं सिलिंडर मशीनखाली होतं. मिस्त्रीनं गेज लावायच्या आधी नुसतं बोट आत फिरवलं. वरच्या टोकाशी, पिस्टन जिथून मागे फिरतो तिथे, त्याचं नख अडकलं. "झिजलंय," म्हणाला, आणि मशीन चालू केलं. पाव मिलिमीटर वाढवायचं, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, नव्या रिंगा, होनिंग. अर्ध्या दिवसाचं काम. पहाटेच्या दुधाला गाडी हजर.

माझ्यासोबत भाचा होता. बारामतीत मेकॅनिकलला आहे, तिसऱ्या वर्षाला. त्याच्या डोक्यात सध्या रोटरी इंजिन घुसलंय. मोटरसायकलला रोटरी, जीपला रोटरी, शेतातल्या गाडीला रोटरी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, टायमिंग चेन नाही. वजन निम्मं, थरथर जवळजवळ शून्य. मिस्त्रीनं मशीनवरची नजर न काढता सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाव्हणं, समदं खरं. पण त्याचं रिबोअर होतं का?"

होत नाही. या आठवड्याचं सदर त्या एका प्रश्नावर आहे, कारण इंजिनाबद्दल इतका नेमका प्रश्न मी बऱ्याच दिवसांत ऐकलेला नाही.

रोटरीत काय असतं ते आधी सांगतो. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखं एक घर. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर. तो भोवरा फिरावा तसा एका जागी फिरत नाही, गोल फिरता फिरता इकडून तिकडे सरकतो. त्याची तिन्ही टोकं घराच्या भिंतीला सतत लागून असतात, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यात तीन कप्पे तयार होतात. कप्पा मोठा होतो तेव्हा हवा-पेट्रोल आत येतं, लहान होतो तेव्हा दाबलं जातं, मग ठिणगी, मग धूर बाहेर. रोटरचा एक फेरा होतो तोवर शाफ्टचे तीन होतात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो. आपल्या नेहमीच्या एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोकला तो दोन फेऱ्यांनी एकदा मिळतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची ही कल्पना, पहिलं इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत चाललं. कागदावर बघितलं की आजही कुणीही प्रेमात पडेल. भाचा पडला यात त्याची चूक नाही.

अडचण त्या तीन टोकांना आहे. तिथे प्रत्येकी एक बारीक पट्टी बसवलेली असते, सील म्हणून. आपली पिस्टनची रिंग गोल असते, गोल भिंतीला चहूबाजूंनी सारखी दाबून बसते. ही पट्टी सरळ असते, भिंतीशी तिचा कोन क्षणाक्षणाला बदलतो, आणि तिला थांबा असा नाहीच. त्यात भर म्हणजे घराच्या एका बाजूला कायम जाळ आणि दुसऱ्या बाजूला कायम थंड हवा. एक अंग तापतं, दुसरं गार राहतं, घर वाकडं फुगतं. पट्टी गळायला लागली की दाब गेला. आणि भिंतीवर ओरखडा पडला की काय करणार? ती भिंत वर्तुळ नाही. बोअरिंग मशीनला फक्त वर्तुळ कळतं. शिवाय भिंतीवर कठीण धातूचा पातळ मुलामा असतो, तो घासून काढला तर खाली मऊ ॲल्युमिनियम. म्हणजे अख्खं घर नवीन घ्यायचं.

हे दुखणं केवळ आपल्या गावाकडच्या गॅरेजचं आहे असं कुणी समजू नये. एनएसयूनं १९६७ ला रो ८० ही मोटर काढली, पुढच्याच वर्षी ती युरोपात वर्षातली सर्वोत्तम मोटर ठरली. मग पट्ट्या जायला लागल्या. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ ला फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. जपानात माझदानं केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर याच कामाला बसवले. घराच्या भिंतीवर उमटणाऱ्या खुणांना त्यांनी नाव दिलं होतं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. पट्टीसाठी कार्बन आणि ॲल्युमिनियमचं मिश्रण सापडल्यावर ते मिटले, आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट विकायला निघाली. सत्तेचाळीस डोकी आणि काही वर्षं, एका पट्टीसाठी.

मोटरसायकलीवर प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. यामाहानं १९७२ ला टोकियोत रोटरीची गाडी मांडली, पण विकायला काढलीच नाही. सुझुकीनं १९७४ ला आरई ५ काढली, एका रोटरची, ४९७ सीसी. गरम फार व्हायची, पेट्रोल फार प्यायची, वजनालाही हलकी नव्हती, आणि तेलाच्या भावानं जग तेव्हा नुकतंच पोळलेलं. १९७६ ला ती बंद झाली. इंग्लंडच्या नॉर्टननं चिकाटी दाखवली. १९९२ ला स्टीव्ह हिस्लॉपनं आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी रोटरी नॉर्टनवर जिंकली, हे मोटरसायकलच्या इतिहासातलं मोठं यश आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण शर्यतीची गाडी शर्यत झाली की उघडतात. दूधवाल्याची गाडी बिघडली तरच उघडतात, आणि तीही नाइलाजानं.

म्हणून मोटरसायकलीवर रोटरी शक्य आहे का, या प्रश्नाला अर्थ नाही. शक्य आहे, ती पन्नास वर्षांपूर्वीच झाली. ती कुणाच्या हातात टिकेल, एवढंच विचारायचं उरलंय.

आता आडरानाच्या गाडीचं घेऊ. पुण्या-मुंबईच्या लोकांना ऑफ-रोड म्हटलं की रविवारचा चिखल आठवतो. आमच्याकडे ऑफ-रोड म्हणजे जानेवारीतला उसाचा फड. पाटाच्या पाण्यानं काळी जमीन भिजलेली, सरीतून बाहेर निघताना ट्रॉली आसापर्यंत रुतलेली, मागे पाचट टाकून पुढे ट्रॅक्टरला लहान गिअर. तिथे लागते ती कमी फेऱ्यांवरची ओढ. दीड हजारावर इंजिनानं मान टाकायची नाही. रोटरीचा जीव वरच्या फेऱ्यांत आहे, खाली ती ढिली पडते. उतारावर भरलेली गाडी नुसत्या इंजिनावर धरायची म्हटली तर तिथेही पिस्टनइतकी धरत नाही. आणि आमच्या शेतातलं बहुतेक सगळं डिझेलवर चालतं. डिझेल पेटायला लागणारा दाब त्या लांबट कप्प्यात आणणं महाकठीण.

धूळ तर विचारूच नका. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात मे महिन्यात गाडी चालवून बघा. तिथे एअर फिल्टर काढून टायरवर आपटतात आणि परत बसवतात. निसटलेला वाळूचा कण पिस्टनलाही चरे पाडतोच, पण ती पट्टी त्याला घराच्या अख्ख्या भिंतीवरून फरफटत नेते. आडरानाच्या वाहनात रोटरी थोडीफार रुळली ती अमेरिकेतल्या बर्फावरच्या गाड्यांत, सत्तरच्या दशकात, आर्क्टिक कॅटसारख्यांकडे. तिथे धूळ नाही, थंडी भरपूर, आणि ॲक्सिलरेटर बराच वेळ दाबलेला.

ॲव्हरेजचा हिशेबही आत्ताच सांगून टाकतो. स्फोटाचा कप्पा लांब आणि चपटा, जाळ त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. पट्ट्यांना वंगण म्हणून ऑइल मुद्दाम आत सोडावं लागतं, तेही जळतं. माझदाची आरएक्स ८ युरोपातल्या धुराच्या नियमांपुढे २०१० ला माघारी फिरली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आहे. जो गडी पेट्रोल पंपावर शंभराचं टाकून चार दिवस काढतो, त्याला हे इंजिन विकायचं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पण "आपल्याला हे जमणारं नाही" असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी माझं भांडण आहे. एप्रिलियाची आरएस ४५७, दोन सिलिंडरची खणखणीत मोटरसायकल, बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात तयार होते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात साखर कारखान्यांच्या अवजड यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंगपर्यंतची कामं झाली आहेत. रोटरीतले ते तीनास दोनचे गिअर कापायला आमच्याकडे हात आहेत. आणि खुद्द रोटरी इंजिन? तेही आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं हाताळलंय. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या सरकारी संशोधन संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं भारतीय वांकेल इंजिन तयार केलं. रोटर, घर आणि त्यावरचा मुलामा एनएएलचा, इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था नगरची. एप्रिल २००९ मध्ये ते इंजिन लावलेलं निशांत हे मानवरहित विमान आकाशात गेलं आणि सुखरूप उतरलं.

भाच्याला मी हेच सांगत होतो. विमानावर ते का चाललं, याचा विचार कर. वर धूळ नाही. फेरे जवळपास एकाच आकड्यावर. कमी फेऱ्यांवरची ओढ कुणी मागत नाही. वजनाचा ग्रॅमन् ग्रॅम मोलाचा, तिथे तीसेक किलोत ५५ अश्वशक्ती म्हणजे पर्वणी. आणि ठरलेल्या तासांनी ते जाणत्या हातात उघडलं जातं. नॉर्टनच्या त्या मोटरसायकल इंजिनाची पुढची वंशावळसुद्धा अशाच विमानांत गेली, हा योगायोग नाही. माझदानंही २०२३ ला रोटरी परत आणली ती एमएक्स ३० मध्ये, ८३० सीसीचा एकच रोटर, आणि तो चाकाला जोडलेला नाहीच. फक्त जनित्र फिरवतो, बॅटरी भरतो.

आता आपल्या फडाकडे बघा. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही. पानं अंग कापतात. म्हणून ड्रोन आले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावण्याचं मोठं काम सुरू आहे, आणि दुसरीकडे दहा लिटरची टाकी घेऊन उडणारा फवारणी ड्रोन दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी बदलायला बांधावर येतो. बांधावर चार-सहा बॅटऱ्या आणि त्या भरायला एक जनरेटर. हा जनरेटर हलका करून ड्रोनवरच बसवता आला तर? एकाच वेगानं फिरणारा छोटा रोटर, वीज करतो, पंख विजेवर. आडरानात जाणारं पण जमिनीला न लागणारं वाहन. रोटरीला आमच्या तालुक्यांत जागा असेल तर ती ही आहे, आणि मला ती मनापासून हवी आहे. बारामतीच्या पोरांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून रोटरी मोटरसायकलचं मॉडेल रंगवण्यापेक्षा याच्या मागे लागावं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं मिस्त्रीकडून दूधवाल्याची काढलेली जुनी रिंग मागून घेतली, बोटात धरून दाबून बघितली. कॉलेजचं पत्र मिळालं तर नगरला परवानगी मागून जाऊन येतो म्हणाला. ती पट्टी किती तास चालते, ते विचारायचंय त्याला.

मिस्त्री होनिंगचे दगड पुसत होता. "जाशील तर एक झिजलेली पट्टी माग," तो म्हणाला. "मला नख लावून बघायचंय."