आगा

फारसी शिकायला सहसा कुणी निघत नाही, माणूस तिथे पोचतो. परदेशी भाषांच्या प्रवेशअर्जात पसंतिक्रम भरावा लागतो. वर फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी. मग चिनी, कोरियन. भरता भरता हाताला कंटाळा आला की खाली फारसी. यादी लागते, वरच्या मार्कांची मुलं वरच्या भाषा उचलतात आणि पॅरिसला जायला निघालेला उदगीरकडचा एक मुलगा दिल्लीत अलिफ-बे गिरवत बसतो. बी.ए. संपेपर्यंत तो लोकांना सांगू लागतो की हाफिज मुळातून वाचायची ओढ आपल्याला शाळेपासूनच होती. एम.ए.ला तर त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागतं.

आमच्या या मुलाला वसतिगृहात सगळे आगा म्हणत. इराणात कुठल्याही बाप्याला आगाच म्हणतात, पण आमच्याकडे ती पदवी झाली. आगाने चहात साखर घालणं सोडलं. इराणी माणूस साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून बिनसाखरेचा चहा घेतो, म्हणून हाही घेऊ लागला. तसले खडे मिळेनात तेव्हा गावाहून आलेली प्रसादाची खडीसाखर कामी आली. पुढे दाढ ठणकली. दाताच्या डॉक्टरने कारण विचारलं तेव्हा आगा म्हणाला, ‘सांस्कृतिक.’

मार्चच्या वीस-एकवीस तारखेला नवरोज. त्या दिवशी ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडायच्या असतात. सफरचंद, लसूण आणि व्हिनेगर मेसमधून मिळालं, अंकुरलेले गहू आगाने खिडकीत स्वतः वाढवले. सुमाक, सेन्जेद आणि समनू दिल्लीत शोधायचं कुठे? खोलीतल्या आम्ही दोघांनी मदत म्हणून सुंठ, साबुदाणा आणि साबण आणून ठेवला. ‘स’च हवा होता ना? आगा दोन दिवस बोलला नाही. मात्र पंक्तीतला साबण उचलायला तो विसरला, आणि त्याच्या इराणी प्राध्यापिका शुभेच्छा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

आगाची विद्या खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. सादीची १२५८ सालची ‘गुलिस्तान’ त्याला पानंच्या पानं पाठ होती. पन्नास हजारांच्या आसपास बैतांचा शाहनामा त्याने एका उन्हाळ्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत वाचून काढला. अडचण एवढीच की जगात त्याला जो जो भेटे, तो नेमका अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारी. कुणी म्हणे, ‘म्हणजे तुम्ही पारशी?’ कुणी म्हणे, ‘दुबईला स्कोप असेल.’ मुलाखतीतले लोक हमखास ती फारसी शिकून तेल विकण्याची हिंदी म्हण ऐकवत आणि आपल्यालाच सुचल्यासारखे हसत. आगाही हसे. म्हण ऐकण्याचं मानधन ठेवलं असतं तर त्याची फेलोशिप रखडली तरी चाललं असतं.

त्याच्या टेबलावर दोन फोटो होते. एक माधव जूलियनांचा. त्यांच्या १९२५ सालच्या फार्शी-मराठी कोशाची झेरॉक्स तो उशाशी घेऊन झोपे. ज्या माणसाने हा कोश केला, त्यानेच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकी शब्द मराठीतून घालवण्याची बाजू घेतली, हे आगाच्या लेखी घरातलं भांडण होतं आणि ते तो बाहेर काढत नसे. कुणी काढलंच तर फोटो भिंतीकडे वळवून ठेवी, संध्याकाळी पुन्हा सरळ करी.

दुसरा फोटो सादिक हिदायतचा. हिदायत १९३६ साली मुंबईत आला, बहरामगोर अंकलेसरिया या पारशी पंडितांकडे पहलवी शिकला आणि ‘बूफ-ए-कूर’ ही आपली कादंबरी त्याने तिथेच हाताने लिहून, पन्नासेक प्रती काढून, वर ‘इराणात विक्रीसाठी नाही’ असा शेरा मारून छापली. आधुनिक फारसीतली सगळ्यांत गाजलेली कादंबरी आधी मुंबईत निघाली, यावरून आगा जो फुगे तो आठवडाभर खाली येत नसे. पीएच.डी.लाही त्याला हाच विषय हवा होता. मार्गदर्शकांना हवी होती ‘मराठवाड्यातील फारसी दफ्तरे’, कारण त्यात ‘उपयोजन’ होतं. दोन्ही बाजू अतिशय अदबशीर असल्याने विषय ठरायला एम.ए.हून जास्त काळ गेला.

मध्ये एकदा परदेशी विद्यार्थ्यांच्या उजळणी-वर्गासाठी तो तेहरानला जाऊन आला. तयारी दांडगी होती. इराण्यांचा तारुफ, म्हणजे समोरच्याने आग्रह करायचा आणि आपण दोनतीनदा तरी नको म्हणायचं, ही रीत त्याने टिपणं काढून घोकली होती. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहातल्या वाढप्याने ती घोकली नव्हती. त्याने एकदा विचारलं, आगा अदबीने ‘नको’ म्हणाला, वाढपी पुढे गेला. असे पहिले काही दिवस आगाने संस्कृतीवर काढले.

बोलायचं तर त्याला सादीची फारसी येत होती. रस्त्यावर माणसं ‘नान’ला ‘नून’ आणि ‘खाने’ला ‘खूने’ म्हणत होती, क्रियापदं निम्मी गिळत होती. आगाने टॅक्सीवाल्याला बाग-ए-फिरदौसला सोडायची विनंती केली, ती ज्ञानेश्वरीतल्या मराठीत कुणी दादर स्टेशनावर ठाणे लोकल विचारावी तशी. फरक इतकाच की दादरला कुणी थांबलं नसतं. तेहरानचा टॅक्सीवाला थांबला, त्याने गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले आणि सादीचे चार बैत म्हणून दाखवले. आगाने पुढचे चार म्हटले. त्याने हाफिज काढला. वलीअस्र रस्ता वीसेक किलोमीटरचा आहे आणि ते दोघे तो उलट्या दिशेने बराच गेले होते, हे तेहरानचं रेल्वे स्टेशन दिसल्यावर कळलं. भाडं घ्यायच्या वेळी टॅक्सीवाला म्हणाला, राहू द्या हो. आगाला टिपणं आठवली, त्याने आग्रह केला. टॅक्सीवाल्याने एकदा, दोनदा, तीनदा नाकारलं आणि मग दोन्ही दिशांचं भाडं घेतलं.

दिल्लीत परतल्यावर पोटाचा प्रश्न आला. फारसी एम.ए. झालेल्या पोरांना दिल्लीत एक हमखास काम असे: उपचारांसाठी येणाऱ्या अफगाण रुग्णांचं दुभाषेपण. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, व्हिसे थांबले आणि हे कामही आटलं. त्याआधीची गोष्ट. लाजपतनगरच्या गल्ल्यांत तेव्हा दुकानांच्या पाट्या दरी भाषेत, म्हणजे अफगाणी फारसीत असत, तंदूरवर हातभर लांब नान लटकत, आणि सकाळी सातला आगासारखे दुभाषे फायली काखेत मारून हॉस्पिटलांच्या दारात उभे असत. आगाची फारसी तेहरानची, रुग्ण मजार-ए-शरीफचे. हा ‘बीमारिस्तान’ म्हणे, ते ‘शफाखाना’ म्हणत. विरहाला फारसीत पंधरा प्रतिशब्द आहेत ते आगाला ठाऊक होते, बद्धकोष्ठाला एकही आठवत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, ‘पोट साफ होतं का?’ आगाने याचं जे भाषांतर केलं त्यावर रुग्णाने अंतःकरणाच्या शुद्धीबद्दल समाधानकारक उत्तर दिलं. डॉक्टरांनी जुलाबाचं औषध बंद केलं.

त्या दिवसांतले एक म्हातारे मला अजून आठवतात, कारण ते रात्री आमच्या खोलीवरच येऊन बसत. पित्ताशयाचे खडे. पण त्यांना घाई खड्यांची नव्हती. त्यांनी आगाला पहिल्याच भेटीत विचारलं, ‘बेदिल कुठे आहे?’ आगा गोंधळला. मिर्झा अब्दुल कादिर बेदिल हा पाटण्याकडे जन्मलेला, दिल्लीत १७२० साली वारलेला कवी. इराणात त्याला फारसं विचारत नाहीत. त्याची शैली ‘हिंदी’, म्हणजे अवघड आणि गुंतागुंतीची ठरली. त्यामुळे आगाच्या अभ्यासक्रमात तो अर्ध्या तासात उरकला जाई. काबूलकडे मात्र घरोघर बेदिल. म्हाताऱ्यांना त्याच्या गझला अशा पाठ होत्या की परिचारिका रक्त काढायला आली तरी ते शेर पुरा केल्याशिवाय हात पुढे करत नसत. शेवटी मथुरा रोडवरच्या बाग-ए-बेदिलमध्ये, पुराण्या किल्ल्यापासून जवळच, बेदिलची कबर म्हणून जी जागा दाखवतात तिथे आगा त्यांना घेऊन गेला. इतकी वर्षं त्या रस्त्याने त्याची बस जात होती. म्हातारे कबरीपाशी बसले, म्हणाले, ‘तू फारसी शिकायला तेहरानला गेला होतास?’ आणि इतके हसले की खडे दुखायला लागले. दुभाषेपणाचे पैसे त्यांनी दिले, आगाने ते तीनदा नाकारले. चौथ्यांदा म्हाताऱ्यांनी विचारलंच नाही, त्याऐवजी बेदिलच्या दिवाणाची स्वतःची प्रत त्याच्या हातात ठेवली. मेसचं बिल मी भरलं.

गावाकडे मात्र आगाचा भाव एकदम वधारला. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घराघरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. आगा सुट्टीवर गेला तो पाहतो तर ओसरीवर रांग. सगळ्यांत पुढे त्याचे तात्या, छातीशी पुडकं धरून.

‘बापू, वाच बरं हे.’

‘तात्या, हे उर्दू आहे.’

‘असू दे की. उजवीकडूनच लिवलंय ना?’

निजामाच्या दफ्तरातून १८८०च्या दशकातच फारसी जाऊन उर्दू आली, हे आगाने सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि दुसरा कागद पुढे केला. ती मोडी होती. तिसरीही मोडी. चौथा कागद उलगडला आणि आगाचा चेहरा उजळला. फारसी! सनद! ओसरी शांत झाली. आगाने कागद उजेडात धरला, मग फोनवर फोटो काढून मोठा केला, मग लहान केला. लिपी शिकस्ता होती. अक्षरं एकमेकांत घुसलेली, टिंबं गाळलेली, आणि रकमा सियाकात, म्हणजे हिशेबनिसांच्या त्या आकडेमोडीत, जिच्यात संख्या अंकांनी न लिहिता शब्दांच्या वळणदार खुणांनी लिहितात. एम.ए.ला यातलं काही नव्हतं. तिथे हाफिज छापील होता.

‘नुक्ते दिलेले नाहीत, तात्या.’

‘नुक्ते म्हंजी?’

‘टिंबं. अक्षरांवरची.’

‘मग तू दे की. एवढं शिकून टिंबं देता येईनात होय?’

शेवटी तो कागद पेठेतल्या काझींच्या घरच्या एका वृद्धांनी चष्मा न लावता वाचला. त्यात कुणबी-बिणबी काही नव्हतं, एका विहिरीचं पाणी भावकीतल्या दुसऱ्या घराला दिल्याची नोंद होती. तेव्हापासून तात्या सांगतात की फारसीचं काही खरं नसतं आणि दुसरं घर सांगतं की बापूसारखा विद्वान पंचक्रोशीत नाही. मार्गदर्शकांनी मात्र ही हकिकत ऐकून आगाचा विषय ताबडतोब ‘मराठवाड्यातील फारसी दफ्तरे’ असा ठरवून टाकला. आगा आता शिकस्ता शिकतो आहे, काझींकडेच.

राहिलं लग्न. लातूरला मुलगी पाहायला गेले तेव्हा तात्यांनी वाटेत बजावलं होतं, इराणचं नाव काढायचं नाही. पोहे आले. आगाने तारुफ म्हणून नको म्हटलं. पण वाढणाऱ्या होत्या मुलीच्या आई आणि गाव लातूर. तिथे नकाराला कुणी धूप घालत नाही. तिसरी ताटली रिकामी झाली तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, पगार किती? आगा फेलोशिपच्या थकबाकीतून सुरुवात करणार तोच मुलगी बोलली. ती शिकवणीत गणित शिकवते.

‘उमर खय्यामने घन समीकरणं शंकुच्छेदांनी सोडवली, ते मला माहीत आहे. रुबाया लिहिणारा तोच का?’

आगाने हातातला चमचा खाली ठेवला. तोच, तो म्हणाला, पण त्याच्या नावावर ज्या शेकड्यांनी रुबाया आहेत त्यातल्या त्याच्या किती, हा वाद मोठा आहे. फिट्झजेराल्डने १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ७५ चौकड्या केल्या, त्यांचं सोडा. हिदायतने १९३४ साली १४३ धरल्या. फुरूगी आणि गनी यांनी १९४२ साली १७८.

‘मग मधल्या ३५ कुणाच्या?’

अशी सरळ वजाबाकी करता येत नाही, आगा म्हणाला, कारण याच्या यादीतल्या काही त्याच्या यादीत नाहीत. मुलीने वहीचं मागचं पान काढलं आणि दोन वर्तुळं एकमेकांत अडकवून काढली. पगाराचा मुद्दा मागे पडला. दिवे लागले, तात्या दोनदा उठून उभे राहिले, दोनदा बसले. उदगीरची शेवटची एसटी गेली.

आठवड्याने लातूरहून फोन आला, तात्यांनीच घेतला. होकार की नकार, एवढंच सांगा, ते म्हणाले. पलीकडून मुलीचे वडील कुणाला तरी विचारत असल्याचं ऐकू आलं, आणि मग निरोप मिळाला की तेरा रुबायांचा हिशेब लागत नाही, मुलाला पुढच्या रविवारी पाठवा, आणि येताना त्या दोन्ही याद्या घेऊन यायला सांगा.