श्री गणेश प्रसन्न यांचे येणे

मार्चअखेरीला, आम्ही जिचे हिशोब बघतो त्या सांगलीच्या हळदीच्या पार्टीचे सर्वांत मोठे धनको निघाले श्री गणेश प्रसन्न. त्यांच्या खालोखाल श्री जोतिबा प्रसन्न. तिसऱ्या क्रमांकावर शुभ लाभ. यांचं येणं किरकोळ, पण दर महिन्याला न चुकता.

बिलाचा फोटो काढला की मजकूर वाचून खतावणीपर्यंत सगळं परस्पर करणारं ॲप मी ऑफिसात आणलं, त्याची ही कमाई. माथ्यावर जे सर्वांत ठळक, ते दुकानाचं नाव, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं असावं. शिकवणाऱ्याच्या गावात बिलाच्या माथ्यावर देव बसत नसणार. आपल्याकडे आधी देव, मग मालक, मग ‘आमची कोठेही शाखा नाही’, आणि उरलेल्या जागेत बिल.

तारखांच्या बाबतीत ॲप पक्कं अमेरिकन आहे. ३ एप्रिलचं बिल त्याने ४ मार्चचं म्हणून वाचलं आणि क्षणात मागच्या आर्थिक वर्षात नेऊन बसवलं. या कामाला पूर्वी आमच्या धंद्यात कसब लागायचं, शिवाय वेगळी फी. पार्टीच्या दिवाणजींनी देवनागरीत काढलेल्या १४ मधला एक त्याला इंग्रजी नऊ दिसतो आणि चार आठ. त्यामुळे चौदा पोती हळदीची बसल्या जागी अठ्ठ्याण्णव पोती झाली. इतकी बरकत मार्केट यार्डात कुणी पाहिली नसेल.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण विषय अक्षरावर आला. माझं अक्षर सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, साताऱ्यातली माझी अख्खी शाळा म्हणायची. फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजारपणाचे अर्जही. हे ॲप प्रत्येक बिल वाचल्यावर आपली खात्री किती टक्के ते रंगात दाखवतं. टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून पोऱ्याने खरडलेली भाड्याची चिठ्ठी हिरवी. मी टाकाने, वेलांट्यांना डौल देऊन लिहिलेलं व्हाउचर लाल, आणि खाली प्रश्न : ‘ही सही आहे का?’

तेव्हापासून मी सगळ्यांना गणेश चिमणाजी वाडांची गोष्ट सांगतो. ती सुरू झाली की बायको चहा टाकायला उठते आणि बराच वेळ येत नाही. कागदातून व्यवहार उपसून काढायचा हा धंदा काही कालपरवाचा नाही. छत्रपती शाहूंच्या साताऱ्याच्या आणि पुढे पेशव्यांच्या कारभाराच्या रोजनिश्या पुण्याच्या दप्तरात रुमालांत बांधून पडल्या होत्या. सगळी मोडी. शब्दाशब्दांत जागा नाही, लेखणी उचललेली नाही, वर कित्येक वर्षांची कसर. वाडांनी ते रुमाल सोडून निवडक उतारे काढले. कुणाला इनाम, कुणाची नेमणूक, कुठे जकात माफ, कुणाचा तंटा, कुठल्या किल्ल्यावर काय खर्च. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या रोजनिश्यांवर १९०० साली निबंध लिहिला आणि लढाया सोडून राज्य आतून कसं चालायचं ते या नोंदींवरून दाखवलं. स्वतः रानडे १९०१ मध्ये गेले. उताऱ्यांचे खंड त्यानंतर एकेक करत छापून आले. सांगायचं काय, तर रावबहादूर वाडांपुढे लुकलुकणारा लाल रंग नव्हता. त्यांना कुणी ‘ही सही आहे का’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी शांतपणे उत्तर दिलं असतं. मी स्वतःला वाडांच्या परंपरेतला मानतो. वाडांचं याबाबतचं मत उपलब्ध नाही.

बरं, कागदाची बाजू तरी किती घ्यायची? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली आणि सांगलीच्या पेठांत पाणी शिरलं. या पार्टीच्या वह्या पाण्यात गेल्या. पूर ओसरल्यावर दिवाणजी पानापानात वर्तमानपत्राचे कपटे घालून त्या वाळवत बसले होते. शाई पसरून जमेची बाजू नावेत उतरली होती. धाकटे मालक तेव्हाच म्हणाले, “काका, हे बास आता. सगळं फोनमध्ये घ्या.” त्यांना नाही कसं म्हणणार? फोनमधली नोंद भिजत नाही.

फक्त ती एकाच बाजूची असते. ॲप फोटो काढतं शेतकऱ्याच्या मालाच्या पट्टीच्या पुढच्या बाजूचा : माल राजापुरी, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ. दिवाणजींचा खरा हिशोब मागच्या बाजूला. ‘मुलीचं लग्न, उचल ५०,०००, पुढल्या हळदीत वळती.’ मागची बाजू न बघितल्यामुळे ॲपने तो शेतकरी नव्वद दिवसांवरच्या थकबाकीत टाकला आणि त्याच्या मोबाइलवर जाणारा तगाद्याचा मेसेज तयार ठेवला. ‘प्रिय ग्राहक’ अशी सुरुवात. तीस वर्षं ज्याची हळद या गाळ्यावर उतरते, पुराच्या साली ज्याने गाळ उपसायला स्वतःचा ट्रॅक्टर पाठवला, तो प्रिय ग्राहक! माझं डोकं फिरलं. मेसेज मी अडवला. धाकट्या मालकांशी त्यावरून वादही झाला. उधारी अशीच बुडते, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे माझा आवाज जास्तच चढला.

दिवाणजी मध्ये पडले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, त्याला मागचं दिसत नसंल तर म्या पुढं लिव्हतो की.” आणि तेव्हापासून ते उचलीचा मजकूर पुढच्याच बाजूला, मालाच्या रकान्यात, दोन ओळींत बसवतात. त्यांचं अक्षर वेडंवाकडं, त्यामुळे ॲपला ते बिनचूक लागतं. परवाच्या यादीत हिरव्या रंगात नोंद होती : ‘हळद राजापुरी, मुलीचं लग्न. एचएसएन ०९१०. जीएसटी ५ टक्के.’

लग्नावरचा कर तेवढा मी हाताने काढला.