साबणातील पेण आणि रोहा : टोरांटोहून सविस्तर निवेदन

ती. आई व बाबा, मुक्काम पेण, आणि रोह्याची समस्त व्याही मंडळी यांच्या चरणी टोरांटोच्या कुटुंबाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

टोरांटोच्या स्वयंपाकघरात साबण होतो म्हणजे नेमके काय होते, आणि तिथल्या ओट्यावर हल्ली पोळ्या का लाटल्या जात नाहीत, अशी दुहेरी पृच्छा पेणहून आली असल्यामुळे, प्रस्तुत पत्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर आणि दुसऱ्याचे ओघाने दिले आहे.

तेल आणि दाहक सोडा यांच्या संयोगातून साबण घडतो आणि या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तीत तेलाचा साबण होतो, ग्लिसरीन सुटे होते आणि प्रमाण बरोबर असेल तर सोडा शिल्लक राहत नाही. हे प्रमाण तेलागणिक बदलते: एक किलो खोबरेलास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलास सुमारे १३५ ग्रॅम पुरतो, आणि वडी अंगाला बोचू नये म्हणून त्यातूनही सुमारे पाच टक्के सोडा कमी करून थोडे तेल मोकळे ठेवतात. वजनकाटा अर्थातच रोह्याच्या सूनबाईंच्या ताब्यात आहे, कारण ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि तेव्हापासून हिशेबात रोहेकरांशी वाद घालू नये असा सूनबाईंच्या माहेरचा दंडक आहे. पेणच्या चिरंजीवांकडे सोडा पाण्यात टाकण्याचे (पाणी सोड्यात कदापि नव्हे, कारण मिश्रण उसळून अंगावर येते) आणि त्या वेळी खिडकी उघडी ठेवण्याचे काम आहे. उणे तापमानात यांपैकी दुसरे अधिक शौर्याचे ठरते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे पेणला धारेने ओतली जाणारी ही वस्तू टोरांटोत हिवाळाभर चमच्याने खणून काढावी लागते.

खरा मतभेद रंगावरून आहे, आणि तो नवराबायकोचा नसून दोन तालुक्यांचा आहे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील गणपतीचे कारखाने पाहत वाढलेली नजर रंगाकडे भुकटी म्हणून पाहते: गेरू, पिवडी, नीळ ही रंगद्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे बारीक कण जिथे बसवावेत तिथेच बसून राहतात. रोह्याची नजर कुंडलिकेकाठी, धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी घडलेली असून, खाद्यरंग बनवणाऱ्या एका कंपनीने तर ‘रोहा डायकेम’ असे गावाचेच नाव धारण केले आहे. साहजिकच या पक्षाचा विश्वास विद्राव्य रंगावर, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळून थेंबभरात पातेले रंगवणाऱ्या द्रव्यावर आहे. दोन्ही पक्षांना आपापल्या वड्या करू दिल्या असता असे आढळले की, रोह्याचा रंग अधिक तेजस्वी उतरतो खरा, पण तो एका थरात राहत नाही, शेजारच्या पांढऱ्या थरात शिरतो आणि महिनाभरात सारी वडी आपलीशी करतो. पेणचा गेरू मात्र आखून दिलेल्या रेषेबाहेर जात नाही. तडजोड म्हणून विद्राव्य रंग ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या भुकटीवर चढवून तयार केलेले रंगही वापरून पाहण्यात आले, परंतु ते तीव्र अल्कलीत टिकत नसल्यामुळे दोन्ही गावांचा अपेक्षाभंग सारख्याच प्रमाणात झाला.

भाजीपाल्याच्या रंगांची कथा याहून रंजक आहे. ती. आईंनी सुचवलेली हळद सोड्याच्या मिश्रणात पडताच लालभडक झाली, आणि त्यात नवल काही नाही, कारण हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याच्या जुन्या रीतीतही हेच घडते: हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत लाल होते. पुढे सोडा तेलात खर्ची पडत गेला तसा तो लाल रंग उतरून तपकिरी पिवळ्यावर आला. बिटाची गुलाबी लाली तासाभरात चहाच्या चोथ्याच्या रंगावर गेली. कोकमाने सर्वांत मोठा दगा दिला, कारण त्यातील लाल रंगद्रव्य आंबटपणातच लाल असते आणि अल्कलीत मळकट हिरवे होते. या वड्या ‘कैरी’ या नावाने शेजाऱ्यांत वाटण्यात आल्या. रतनजोताने मात्र लाज राखली: तेलात भिजवले असता लाल दिसणारे हे मूळ साबणात जांभळे उतरते, आणि हा बदल असा सुरेख असतो की त्याचे श्रेय दोन्ही पक्षांनी घेतले.

सुगंधाबाबत कुटुंबाची अपेक्षा मुळातच अवास्तव होती. तो साधारणपणे तेलाच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास घालतात, आणि मिश्रण इतके दाट झाल्यावर घालतात की पळीतून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ राखून दिसावी. लवंगेच्या तेलातील युजेनॉल मात्र हा क्षण मिळू देत नाही. मिश्रण पातेल्यातच घट्ट धरते आणि मग वडी पाडण्याऐवजी फोडावी लागते. व्हॅनिलाने पांढरा साबण तपकिरी होतो, मोसंबीचा गंध वडी मुरण्याच्या चार ते सहा आठवड्यांत हवेत निघून जातो, आणि टिकतो तो वाळा, जो जड असल्यामुळे सावकाश उडतो. धाकट्या नातवाने पेणच्या पोह्याच्या पापडाच्या वासाचा साबण मागितला होता. तो विषय अभ्यासाखाली ठेवण्यात आला आहे, म्हणजे टाळण्यात आला आहे.

दिवाळीला मोती साबण असताना हा खटाटोप कशासाठी, या बाबांच्या प्रश्नावर कुटुंबात एकमत झालेले नाही, आणि ओटा सध्या मुरणाऱ्या वड्यांनी व्यापलेला असल्यामुळे पोळ्या बाजारातून येतात.

सोबतच्या पार्सलात गेरूच्या वड्या पेणसाठी आणि जांभळ्या रोह्यासाठी आहेत. हिरव्या कोणासाठीही नाहीत, त्या केवळ जागा भरण्यासाठी घातल्या आहेत. परतीच्या पार्सलात गेरू, रतनजोत आणि पापड पाठवावेत, मात्र पापड वेगळ्या डब्यात, वाळ्यापासून शक्य तितके दूर भरावेत.