साहेब नक्की कोण?

शाओशिंग, झेजियांग प्रांत, चीन
२० सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांना सर्वांचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. बाबांच्या मागच्या पत्रात प्रकृतीची चौकशी दोन ओळींची होती आणि ‘तिथली नगरपालिका कशी चालते, टेबलं किती, शेवटची सही कोणाची आणि मुख्य म्हणजे साहेब कोण?’ ही चौकशी दीड पानाची. हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला चीनची भिंत किती लांब आहे याच्याशी काय देणंघेणं? भिंतीवर नोटीस कोण चिकटवतो, ते त्याला हवं. तेव्हा हे पत्र सगळं कचेरीचं. आईंनी मधला मजकूर ओलांडून थेट ता. क. वाचायला हरकत नाही.

गाव शाओशिंगच्या हद्दीतलं, केछ्याओच्या कापडबाजाराच्या अलीकडे. हा बाजार कापडाच्या ठोक व्यापारात जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, त्यामुळे गुजराती, मारवाडी, सिंधी व्यापाऱ्यांची तिथं सतत वर्दळ. सोलापुरी चादरीच्या घरात वाढलेले तुमचे चिरंजीव तिथं दिवसभर दुसऱ्यांची ताग्यावरची कापडं चिमटीत धरून उजेडात बघतात. गावात कालवे, कालव्यांवर दगडी पूल आणि पुलांवर गळ टाकून बसलेले म्हातारे. मासा लागलेला अजून कोणी पाहिलेला नाही. म्हाताऱ्यांची त्याबद्दल तक्रारही नाही.

पहिली गाठ पोलीस चौकीशी. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार परदेशी माणूस हॉटेलाबाहेर कुठेही राहिला, की २४ तासांच्या आत चौकीत नोंद करायची. नाहीतर २,००० युआनपर्यंत दंड. तिघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवले. तरुण हवालदारानं चिरंजीवांचं नाव वाचलं, सूनबाईंचं वाचलं, नातीचं वाचलं आणि तो गोंधळला. सूनबाईंच्या नावात चिरंजीवांचं नाव, नातीच्या नावातही तेच, आणि चिरंजीवांच्या नावात आणखी एका गृहस्थाचं. इथली नावं दोन-तीन अक्षरांत संपतात, त्यात बापाचं नाव घालायची पद्धत नाही. त्यानं वहीवरून मान वर करून विचारलं, “हे चौथे गृहस्थ कुठं आहेत? त्यांची नोंद का नाही?” बाबा, सोलापुरात बसल्या बसल्या तुम्ही चीनमध्ये बेकायदा वास्तव्याच्या आरोपातून थोडक्यात वाचलात.

वाचवलं ते पलीकडच्या टेबलावरच्या वयस्कर अंमलदारानं. ‘भारत’ म्हटल्यावर तो उठून आला आणि म्हणाला, “क दीहुआ!” हे आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तरेतल्या हबेई प्रांतात वारले. डॉक्टर आमच्याच गावचे, असं चिरंजीवांनी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं. अंमलदारानं तिघांचे हात हातात घेतले, हवालदारानं निमूट शिक्का मारला आणि चौथ्या गृहस्थांचा विषय मिटला.

आता टेबलांचा हिशेब. केंद्र, प्रांत, प्रांताखाली ‘शहर’, शहराखाली काउंटी किंवा तिच्या दर्जाचा विभाग, आणि त्याखाली गावाची किंवा पेठेची कचेरी: अशा पाच पायऱ्या. इथल्या ‘शहरा’त भातशेती, डोंगर, बांबूची रानं सगळं येतं, म्हणून बाबांनी मनात जिल्हा धरावा. गावच्या कचेरीच्या फाटकावर दोन उभ्या पांढऱ्या पाट्या असतात. एकीवर लाल अक्षरं, दुसरीवर काळी. काळ्या अक्षरांची पाटी सरकारची, लाल अक्षरांची पक्षाच्या समितीची. काळ्या पाटीमागे गावप्रमुख बसतो, लाल पाटीमागे सचिव. बाबांची पहिली चूक इथंच होणार, कारण सचिव म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फायली घेऊन उभा राहणारा माणूस येतो. इथं सचिव म्हणजे ‘शूजी’. तो बसतो, आणि गावप्रमुख बहुधा त्याच समितीत उपसचिव असतो. फोटोत मधोमध कोण आहे ते पाहिलं, की पाट्या वाचायचीही गरज पडत नाही.

पण शूजी गावात क्वचित दिसतो. रोज दिसते ती रहिवासी समितीची मावशी. दंडाला लाल पट्टी, हातात चहाचा थर्मास, बसायला प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. चीनची पहिली रहिवासी समिती शेजारच्या हांगझोऊत २३ ऑक्टोबर १९४९ रोजी निघाली असं सरकारदप्तरी नोंदलेलं आहे. १९८९च्या कायद्यात साधारण १०० ते ७०० घरांमागे एक समिती आणि तीत पाच ते नऊ माणसं, असा हिशेब घातला होता. कायद्याच्या भाषेत ही समिती सरकार नव्हेच, ती रहिवाशांची आपापली संस्था. मावशीला मात्र हा बारकावा कोणी सांगितलेला दिसत नाही.

ऑगस्टात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपायला लागलं. तुमच्या चिरंजीवांनी घराण्याला शोभेलसा अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, सोबत जोडलेली छायाचित्रं, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’. चिनी भाषांतर करून तो मावशीच्या हातात दिला. मावशीनं त्याची घडी घातली, थर्मासखाली ठेवली आणि सपाता घालून जिना चढू लागली. वरच्या आजींना खाली आणलं, चिरंजीवांना वर बोलावलं आणि जिन्याच्या मधल्या वळणावर सगळ्यांना स्टुलांवर बसवून सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया वाटल्या. मग आजींच्या गुडघ्यांविषयी बोलणं झालं, आजींच्या नातवाच्या परीक्षेविषयी झालं, परदेशात चूल मांडणाऱ्या सूनबाईंच्या हालांविषयी झालं. नळाचा विषय शेवटी निघाला आणि तोवर भांडायचा उत्साह कोणात उरला नव्हता. नळ आजींनी दुरुस्त करायचा, रंग चिरंजीवांनी द्यायचा. जिना टरफलांनी भरला होता, तो सूनबाईंनी झाडायचा, असंही ठरलं. अर्जावर आजतागायत चहाच्या गोल डागाशिवाय कोणताही शेरा पडलेला नाही.

या पद्धतीचं माहेर शाओशिंगच्याच हद्दीतलं फंगछ्याओ नावाचं गाव. लहान तंटा वाडीबाहेर जाऊ द्यायचा नाही, मोठा गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि वरच्या कचेरीकडे काहीच ढकलायचं नाही, असा तिथला खाक्या. १९६३ साली माओनं तो देशापुढे नमुना म्हणून ठेवला. तेव्हा मात्र नळ गळण्याचा प्रश्न नव्हता. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, ‘क्रांतिविरोधी’ अशा शिक्क्याच्या लोकांना तुरुंगात न धाडता शेजाऱ्यांच्याच नजरेखाली ‘सुधारायचं’, हे त्यामागचं काम होतं. ती नजर अजून शाबूत आहे. कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाची इलेक्ट्रिक सायकल घरात चार्ज होते, कोणाच्या घरात रात्री आवाज चढले, हे मावशीला ठाऊक असतं. गावाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एक कर्मचारी नेमलेला आहे, त्याच्या मोबाईलमध्येही यातलं बरंच असतं. तंटा झटपट मिटतो, कारण तंट्याची सगळी कुंडली आधीच जमलेली असते. आईंना ही व्यवस्था आवडेल. सूनबाईंना सगळीच आवडते असं नाही.

कालव्याचाही एक साहेब आहे, आणि हे बाबांनी जरा थांबून वाचावं. २००७ साली ताई सरोवरावर हिरवी शेवाळी साय धरली आणि वूशी शहराच्या नळांना दुर्गंधीचं पाणी आलं. तेव्हा तिथं प्रत्येक प्रवाहावर एकेका अधिकाऱ्याची नेमणूक करायची कल्पना निघाली. झेजियांगमध्येही नद्या सुखात नव्हत्या. २०१३च्या फेब्रुवारीत रुईआनच्या एका व्यापाऱ्यानं जाहीर केलं, की पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी गावच्या नदीत वीस मिनिटं पोहून दाखवावं, दोन लाख युआन रोख देतो. साहेबांनी बक्षीस नाकारलं. पुढे झेजियांगनं या नदीप्रमुखांसाठी स्वतंत्र नियमच केले आणि २०१८ संपेपर्यंत ही पद्धत देशभर गेली.

घरासमोरच्या कालव्याकाठी तशी निळी पाटी आहे. प्रवाह कुठून कुठपर्यंत, लांबी किती, प्रमुखाचं नाव, हुद्दा, आणि खाली चक्क त्याचा फोन नंबर. नळाच्या तक्रारीसाठी कोणाचं दार ठोठवायचं, याचा शोध घेण्यात आपल्याकडे आयुष्यं गेली, आणि इथं नंबर रस्त्यावर रंगवलेला! चिरंजीवांना खरं वाटेना, म्हणून नातीनं पाण्यावर थर्माकोलची खोकी तरंगताना पाहून त्यांना फोन करायला लावलाच. दुपारी जाळं घेऊन एक नाव आली. मग स्वच्छ कालव्याचा फोटो आला, त्यामागोमाग ‘समाधान झालं का?’ ही विचारणा, आणि ‘हो’ कळवल्यावर ‘अति समाधान झालं का?’ अशीही विचारणा. इथं हा समाधानाचा हिशेब फार कडक असतो. तक्रारीसाठी १२३४५ हा सरकारी नंबर आहे. हांगझोऊनं तो महापौरांचा फोन म्हणून १९९९ साली सुरू केला होता. तिथं नोंदलेल्या तक्रारीचं काय झालं, हे तक्रारदाराला उलट फोन करून विचारतात. गावच्या कचेरीत त्या उलट फोनाचा धसका शूजीपेक्षा जास्त.

सेवा केंद्रात गेलं तरी तोच प्रकार. टोकन घ्या, खुर्चीत बसा, नंबर पुकारला की खिडकीशी जा. खिडकीवर दोरीला बांधलेले चाळशीचे तीन चष्मे, तीन वेगवेगळ्या नंबरांचे. ज्याचा जो बसेल तो त्यानं लावायचा. काम झालं की बाजूच्या यंत्रावर ‘फार छान’पासून ‘फार वाईट’पर्यंत बटणं पेटतात, आणि कारकून तुमच्या बोटाकडे टक लावून बसतो. बाबा, कारकुनाला जनतेकडून गुण! तुमच्या काळात ही यंत्रं आली असती तर युनियननं पहिल्याच दिवशी ती तलावात नेऊन सोडली असती.

झेजियांगमध्ये २०१६ अखेरपासून ‘फार तर एकच खेप’ अशी मोहीम आहे: कामासाठी नागरिकाला कचेरीत एकदाच यावं लागलं पाहिजे. बरीचशी कामं मोबाईलवरच होतात, पण मोबाईल आधी चिनी ओळखपत्राचा अठरा आकडी क्रमांक मागतो. भारतीय पासपोर्टाचा क्रमांक आठ अक्षरांतच आटोपतो. यंत्र उरलेली दहा घरं भरेपर्यंत हटत नाही, आणि खिडकीवरची मुलगी हसून म्हणते, हे मोबाईलवरच होतं. तुमच्या कुटुंबाची ती ‘एकच खेप’ अजून पुरी व्हायची आहे.

शिक्क्यांची हकीकत ऐकून मात्र बाबांचे डोळे पाणावतील. गोल, लाल, मधोमध पंचकोनी तारा. इथं सहीपेक्षा शिक्क्याला मान. २०१४ साली त्यान्जिनच्या एका विभागानं वेगवेगळ्या खात्यांचे १०९ परवाना-शिक्के एका शिक्क्यात आणले. जुने शिक्के पंतप्रधान ली खछ्यांग यांच्यासमोर सीलबंद झाले आणि पुढे बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. हयातभर राबलेल्या शिक्क्यांना एवढी पेन्शन कुठं मिळत नाही.

आणि आता बाबांचा मूळ प्रश्न. त्याचं सर्वांत जुनं उत्तर मागच्या आठवड्यात सापडलं, जवळच्या आनचांग या कालव्याकाठच्या जुन्या गावात. वर्षअखेरीला तिथं सगळ्या ओट्यांवर सॉसेजच्या माळा वाळत असतात. बाबांसाठी खरा माल आहे तो ‘शीयें’च्या संग्रहालयात. छिंग राजवटीत काउंटीचा अधिकारी परीक्षा देऊन यायचा. परीक्षा असायची कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर. स्वतःच्या प्रांतात त्याला नेमणूक नाही आणि काही वर्षांत बदली ठरलेली. म्हणजे त्याला गावची बोली येत नाही, कायदा माहीत नाही, साऱ्याचा हिशेब तर मुळीच नाही. मग तो पदरच्या पैशानं खासगी सल्लागार ठेवायचा: एक फौजदारी कामाचा, एक महसुलाचा. हेच शीये. यातले इतके जण शाओशिंगचे, की शाओशिंगकराशिवाय कचेरी नाही, अशी म्हणच पडली. परीक्षेत अडखळलेली हुशार मुलं काकाच्या हाताखाली हा धंदा शिकायची आणि देशभरच्या कचेऱ्यांत जाऊन बसायची. वरच्या कचेरीतला शीये खालच्या कचेरीतल्या शीयेचा मावसभाऊ असला की फाईल कशी पळायची, हे बाबांना सांगायला नको. चौ एन-लाय यांचे आजोबाही याच कामासाठी शाओशिंग सोडून ह्वायआनला गेले.

खुर्ची साहेबाची आणि लेखणी कुलकर्ण्याची, हा आपल्याकडचा जुना कारभार बाबांना पाठच आहे. संग्रहालयात शीयेच्या मेणाच्या पुतळ्यापुढे चिरंजीव बराच वेळ उभे राहिले. नाकावर घसरलेला चष्मा, समोर कागदांची चळत आणि चेहऱ्यावर ‘उद्या या’ असा भाव. “अगदी बाबा,” असं ते म्हणाले. फोटो सोबत जोडला आहे. रागावू नये.

आपली,
सूनबाई
(शिक्का नसल्यानं सहीवर भागवून घ्यावं.)

ता. क. आई, १ ते ८ ऑक्टोबर इथं राष्ट्रीय दिन आणि शरद पौर्णिमेची मिळून सुट्टी आहे, म्हणजे दसरा आयताच सुट्टीत आला. पण इथलं सरकार सुट्टी पुरती फुकट देत नाही, आजूबाजूचे साप्ताहिक सुट्टीचे दिवस कामाला लावून थोडी वसूल करतं. यंदा २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाचे ठरले आहेत. तेव्हा २८ला रविवार समजून फोन करू नये. चिरंजीव बाजारात असतील आणि नात शाळेत. दसऱ्याला करावा, आपल्याकडच्या सकाळी दहानंतर, म्हणजे इथं साडेबारा होतील आणि श्रीखंडाची वाटी दाखवता येईल. चक्का घरी बांधला आहे. ओट्यावर टांगलेलं ते फडकं पाहून मावशी दोनदा चौकशी करून गेली.