एम.आर्क. कसे करावे: इच्छुकांसाठी सूचना

वास्तुकलेच्या व्यवसायात सर्वात मोठी अडचण क्लायंटची असते. प्लॉट त्याचा, पैसा त्याचा, राहायचेही त्यालाच. म्हणून घर आपल्या मनासारखे व्हावे असा त्याचा हट्ट असतो. पाच वर्षांचे बी.आर्क. पूर्ण करून, नोंदणी क्रमांक मिळवून, कुणाच्या तरी ऑफिसात टॉयलेटचे डिटेल काढत माणूस दोन-तीन वर्षे घालवतो. मग एके दिवशी हॉलची भिंत पुन्हा हलवायला सांगून क्लायंट वर म्हणतो, "नुसतं ड्रॉइंग तर बदलायचंय, त्यात काय एवढं?" नेमक्या त्याच दिवशी मनात ज्ञानाची तहान जागी होते.

प्रस्तुत मार्गदर्शन या तहानलेल्यांसाठी आहे. एम.आर्क. म्हणजे दोन वर्षे, चार सेमिस्टर आणि शून्य क्लायंट. या काळात तो कुठूनही आत शिरू नये, यासाठी घ्यायची खबरदारी पुढे क्रमाने दिली आहे.

१. कारण तयार ठेवा

आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ प्रमाणे 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी पुरते. एम.आर्क. केल्याने नकाशावरच्या सहीचे वजन वाढत नाही. पालिकेत फाइल पूर्वीच्याच वेगाने सरकते. साहजिकच मुलाखतीत "मग हे कशासाठी?" असा प्रश्न येतो. "ऑफिसात पगार वाढत नाही" आणि "घरी स्थळं बघायला लागलेत" ही दोन्ही उत्तरे खरी असल्यामुळे बाद. "मला प्रॅक्टिसकडे क्रिटिकली पाहायचं आहे" असे म्हणावे. समोरच्या पॅनेलनेही आपापल्या वेळी हेच सांगितलेले असते, त्यामुळे माना समाधानाने हलतात.

इतिहासाचा आधार मात्र घेऊ नये. ल कॉर्बुझिए, फ्रँक लॉइड राइट, मीस व्हॅन डर रोह यांच्यापैकी कुणाकडेही वास्तुकलेची रीतसर पदवी नव्हती. तादाओ आंदो तर आधी मुष्टियोद्धे होते. स्वतःचे स्वतः शिकले आणि १९९५ साली प्रित्झ्कर पारितोषिक घेऊन मोकळे झाले. या माणसांवर शोधनिबंध लिहायला पदवी लागते, हा मुद्दा मुलाखतीत काढायचा मोह आवरावा.

२. परीक्षा द्या

गेटच्या एआर पेपरात तीन तासांत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. एका प्रश्नात मंदिराच्या शिखराची शैली, पुढच्यात प्लॉटचे क्षेत्रफळ आणि एफएआर देऊन मजल्यांची संख्या, त्यापुढे काँक्रीट. नोकरी करणाऱ्यांना यातला एफएआरचा प्रश्न सोपा वाटतो आणि ते तो चुकवतात, कारण ऑफिसात हे गणित बिल्डरने आधीच करून आणलेले असते. स्कोअर तीन वर्षे चालतो. म्हणजे निर्णय न घेण्यासाठीही सरकारने पुरेशी मुदत दिली आहे.

गेट होऊन मान्यताप्राप्त संस्थेत गेलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. ही रक्कम परस्पर प्लॉटिंगवाल्याच्या खात्यात वळवण्याची सोय अजून झालेली नाही, त्यामुळे तेवढे हेलपाटे स्वतः घालावे लागतात.

३. स्पेशलायझेशन निवडा

निवड करताना एकच कसोटी लावावी: क्लायंट किती लांब राहील?

कॉन्झर्वेशनमध्ये तो बहुतेक वेळा दिवंगत असतो. पेशव्यांकडून दुरुस्तीचा फोन येत नाही. शनिवारवाड्यातल्या मुख्य इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, त्याबद्दल आपल्याला कुणी जबाबदार धरत नाही. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ साली नियमावली आली, तेव्हापासून ग्रेड एक, दोन, तीन ही भाषा शिकून घेतली की निम्मे काम होते. उरलेले निम्मे चुन्याचे. जुन्या पद्धतीच्या चुन्यात गूळ, मेथी, उडीद असे काय काय घालतात. सामानाची ही यादी घरी पाठवू नये. आई विचारते, बाळंतीण कोण आहे?

अर्बन डिझाइनमध्ये क्लायंट म्हणजे अख्खे शहर, आणि शहराला मोबाइल नंबर नसतो. केव्हिन लिंचने १९६० साली शहराच्या प्रतिमेचे पाच घटक सांगितले: मार्ग, कडा, विभाग, नोड आणि खुणेच्या जागा. ते पाच रंगांच्या स्केचपेनांनी पुण्याच्या मंडईवर काढावेत. तुळशीबागेत भांडी घेणाऱ्या बाईला आपण नोडमध्ये उभ्या आहोत याची कल्पना नसते, आणि आपणही ती देऊ नये.

एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चर घेतल्यास सेक्शनमध्ये निळा बाण खिडकीतून आत आणि लाल बाण वरच्या झरोक्यातून बाहेर काढायला शिकवतात. दोन वर्षे बाण काढावेत. वारा विद्यापीठाचा विद्यार्थी नसल्यामुळे त्याच्यावर हजेरीचे बंधन नाही. बाहेर दर खिडकीखाली एसीचा डबा लटकलेला असतो. तो एलिव्हेशनमध्ये दाखवायची पद्धत नाही.

कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट मात्र जपून. तिथे दर आठवड्याला पैशाचा विषय निघतो, आणि पैशाच्या मागोमाग तो येतोच.

४. बोलायला शिका

रस्त्याकडेला एक बाक ठेवला तर तो बाक असतो. शीटवर ठेवला तर ते 'इंटरव्हेन्शन' होते. दोन बाक आणि मधे एक झाड असेल तर 'सोशल इन्फ्रास्ट्रक्चर'. काहीच ठेवायचे सुचले नाही तर ती जागा 'व्हॉइड' म्हणून राखावी आणि तिच्यावर सर्वात जास्त बोलावे. गावाकडे पारावर बसून लोक शेकडो वर्षे हेच करत आले, पण त्यांनी डायग्राम न काढल्यामुळे त्यांना क्रेडिट मिळाली नाहीत.

रेंडरमध्ये माणसे घालताना तयार लायब्ररी वापरावी. सोलापूरच्या भर उन्हातल्या बाजारचौकात लांब कोट घातलेली एक उंच बाई, फुगा धरलेले एक सोनेरी केसांचे मूल आणि सायकलवाला तरुण एवढे पुरते. या लोकांचे वैशिष्ट्य असे की ते कधी पाणी मागत नाहीत, पार्किंग विचारत नाहीत आणि जिन्याखाली चपला काढत नाहीत. आदर्श वापरकर्ते.

५. केस स्टडी करा

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज चुकत नाही. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत आखलेली ही बैठी वसाहत. थोडी थोडी घरे एका छोट्या चौकाभोवती, असे चौक एकत्र येऊन मोठी मोकळी जागा, आणि दोन घरांत सामायिक भिंत नाही. प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे आपले घर वाढवत न्यावे, अशी मूळ कल्पना.

तिथे टेप, वही आणि कॅमेरा घेऊन जावे. बहुतेक घरांवर मजले चढलेले, ग्रिल लागलेले, पुढे टाइल्स आणि वर पत्रे दिसतात. इथे थबकून खेदाने म्हणावे, "ओरिजिनल कॅरेक्टर गेलं." घरमालक दारात येऊन विचारतात, "कुठल्या कॉलेजचे?" त्यांना या प्रश्नाची सवय झालेली असते. सांगून, आभार मानून पुढे जावे. घर का वाढवले, पैसे कुठून आणले, सुनेची खोली कुठे काढली हे विचारत बसू नये. नाहीतर असे ध्यानात येण्याचा धोका आहे की काहीही बिघडलेले नाही. कोरियांनी ज्या क्लायंटसाठी मुद्दाम जागा सोडली होती, तो वेळेवर येऊन आपले काम करून गेला आहे. एवढे उमगले की चारशे शब्दांचा निष्कर्ष नव्याने लिहावा लागतो.

६. ज्यूरीला सामोरे जा

आदल्या रात्री झोपू नये. झोपलेल्या विद्यार्थ्याचे डिझाइन चांगले असले तरी चेहरा पटत नाही. ए-वन शीट पहाटे प्लॉटिंगला द्यावीत, म्हणजे दुकानदार सांगेल त्या रंगात ती स्वीकारावी लागतात. मॉडेलसाठी माउंट बोर्ड, कटर आणि फेव्हिक्विक. बोटाला चिकटलेले झाड ओढून काढू नये. ते स्केलला असते.

ज्यूरीत तीन प्रकारची माणसे येतात. पहिला नॉर्थ कुठे आहे ते विचारतो. दुसरा स्वतःच्या एका प्रोजेक्टबद्दल बोलतो. तिसरा फोनवर बाहेर जातो, परत येतो आणि "पण माणूस कुठे आहे यात?" असे विचारतो. या तिसऱ्याला लांब कोटातली बाई दाखवावी.

७. परदेशाचा विचार

दुसऱ्या सेमिस्टरनंतर अमेरिकेची चौकशी करण्याची प्रथा आहे. तिथे एम.आर्क. हीच मुळात व्यावसायिक पदवी असू शकते. इंग्रजी साहित्य शिकलेला मनुष्यही तीन-साडेतीन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून या धंद्यात शिरतो. पण पदवी म्हणजे परवाना नव्हे: पुढे नोंदवून दाखवायचे कामाचे ३,७४० तास आणि सहा भागांची परीक्षा. तास भरायचे तर कामे हवीत, आणि कामे म्हटली की पुन्हा क्लायंट. म्हणजे तिथेही सुटका नाही, उलट तो डॉलरमध्ये बोलतो.

पूर्वसुरींची उदाहरणे देऊन आईवडिलांची समजूत काढता येते. आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे.जे.तून हार्वर्डला जाऊन वॉल्टर ग्रोपियसकडे शिकले, कोरिया एमआयटीचे. पण पुढची माहिती घरी सांगू नये: दोघेही परत आले, आणि कानविंदे आयआयटी कानपूर उभारण्यात तर कोरिया घामट मुंबईत वारा कुठून घ्यावा या विवंचनेत बुडाले. शिक्षणाचा इतका सरळ उपयोग केला की कर्ज फेडायला वेळ लागतो.

८. थिसिस लिहा

चौथे सेमिस्टर थिसिसचे. विषय असा घ्यावा की ज्यावर भावनेने बोलता येईल. मुंबईतल्या बीडीडी चाळी उत्तम. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, मधून जाणारा कॉरिडॉर, मजल्यावर सामायिक संडास. आता त्यांच्या जागी म्हाडातर्फे टॉवर आणि ५०० चौरस फुटांची घरे. यावर 'सामूहिक अवकाशाचा ऱ्हास' अशी मांडणी करावी. कॉरिडॉरचे कृष्णधवल फोटो घ्यावेत: वाळत टाकलेले कपडे, अभ्यास करणारा मुलगा, दारात तांदूळ निवडणाऱ्या मावशी.

इथे दोन वर्षांतली सर्वात मोठी चूक घडते. मावशी आत बोलावतात आणि चहा ठेवतात. विद्यार्थ्याला बसायला खाट मिळते, आणि खाटेखालच्या पेट्यांना पाय लागतात. वीस मिनिटे सामूहिक अवकाशाबद्दल ऐकून घेऊन मावशी म्हणतात, "सगळं खरं रे. गणपतीत मजा येते, आजारी पडलं की चार माणसं धावतात. पण संडास घरात पाहिजे. तू सकाळी सहाला येऊन त्या रांगेत उभा राहा, मग सांग." मग त्या दुसरे वाक्य टाकतात: "आणि टॉवरमध्ये दार लावून घेतलं की आत कोण मेलंय ते कळणार नाही, त्याचं पण काहीतरी कर."

हे एका बाईंचे दोन वाक्यांतले प्रोग्रॅम स्टेटमेंट आहे, आणि त्यात सगळे बसते. संडास आत हवा आणि माणसेही दिसायला हवीत. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात, आणि त्या एकत्र कशा बसवायच्या हे लिंचमध्ये नाही, गेटच्या पेपरात नाही, शीटवरच्या कृष्णधवल फोटोत तर नाहीच. विद्यार्थ्याने इतक्या शिताफीने दोन वर्षे बाहेर ठेवलेला क्लायंट आता समोर बशीत चहा ओतून देतो आहे.

यावर उपाय दोन. पहिला, चहा पिऊन निघावे आणि मावशींचे म्हणणे परिशिष्टात 'रहिवाशांच्या मुलाखती' या मथळ्याखाली टाकावे. परिशिष्ट कुणी उघडत नाही. दुसरा, प्लॅन पहिल्यापासून काढायला बसावे. त्यात सबमिशन हुकण्याचा संभव असल्याने या मार्गदर्शनात तो सुचवलेला नाही.

९. पदवीनंतर

पदवी हाती आली की शिकवायला लागावे. प्राध्यापकीसाठी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात, त्यामुळे तुम्ही ज्यांना शिकवाल त्यांच्यातले काहीजण पुढे शिकवण्यासाठी हीच पदवी घेतील. या चक्रात एकही इमारत बांधावी लागत नाही, म्हणून ते अत्यंत टिकाऊ आहे.

लवकरच तुम्हाला ज्यूरी म्हणून बोलावणे येईल. जरा उशिरा जावे. समोसा खाऊन मगच बोलावे. नॉर्थ विचारावा, स्वतःचे प्रोजेक्ट सांगावे, एक फोन बाहेर जाऊन घ्यावा. कधीतरी एखादा विद्यार्थी अर्धवट शीट लावून उभा राहील आणि म्हणेल, "तिथे राहणाऱ्यांना विचारलं, त्यांना माझं डिझाइन नको होतं, म्हणून बदललं. पूर्ण झालं नाही." त्याला भरपूर गुण द्यावेत आणि कारण विचारल्यास प्रेझेंटेशन चांगले होते असे लिहावे. असे विद्यार्थी इतके कमी येतात की निकालाच्या सरासरीवर काही परिणाम होत नाही.