सातव्या मजल्यावरची पोपटी

पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजण्याच्या, कारभारात माझ्याकडे लहानपणापासून एकच खातं आहे : लांब उभं राहणं. मडकं मामाने भरायचं, पेंढा मामेभावांनी ओढायचा आणि "तू तिकडे उभा राहा" हे सगळ्यांनी मिळून मला सांगायचं. यंदा "थंडी पडली, वालाला शेंगा धरल्यात, ये" असा मामाचा फोन आला, तेव्हा मी हार्बर लाइनने पनवेलपर्यंत उभ्यानेच गेलो. सराव हवा. वाटेत लांबूनच कर्नाळ्याचा सुळका पाहायचा होता. पुढे एकाची बॅग होती, ती पाहिली.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. मामाचं ते शेत रस्त्यात गेलं आणि मामा सातव्या मजल्यावर. तरी शेंगा बाजारातून आल्या, भांबुर्ड्याचा पाला तर मोकळ्या प्लॉटवर फुकट उगवतो. तळाशी पाला, मग मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून. पाण्याचा थेंब नाही. घरातच मडकं तयार झालं. जाळ मात्र गच्चीवर करायचा नाही, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं. म्हणून आम्ही प्लॉटकडे निघालो.

मामाच्या हातात मडकं, मामेभावाच्या खांद्यावर गोवऱ्यांचं पोतं, धाकट्याकडे पेंढा. मागे मी, रिकाम्या हाताने, मान खाली घालून. लिफ्टमधल्या बाईंनी हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मामाला कमी ऐकू येतं. तो म्हणाला, "कोंबडी आहे आत."

बाई चौथ्या मजल्यावरच उतरल्या. खाली वॉचमनने टोपी काढली. आम्ही मडकं दगडांवर उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या रचेपर्यंत वर मामींकडे रांग लागली होती. एका शेजारणीने तर चहा आणला. सुतकात चूल पेटवायची नसते ना. मामींनी तो पिऊन घेतला आणि मगच खुलासा केला.

अर्ध्या तासाने मामाने मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र झालं. म्हणजे शिजलं. तेवढ्यात सेक्रेटरी आले, पांढऱ्या कपड्यांत, सांत्वनाला. कागदावर ओतलेल्या शेंगांची वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली आणि ते खालीच बसले. चार शेंगा सोलून म्हणाले, "मीठ जरा कमी आहे."

कुणीच हसलं नाही. आजीला दात नव्हते. आम्ही दाणे सोलून तिच्या तळहातावर ठेवायचो, ती बराच वेळ चघळायची आणि दरवर्षी हेच म्हणायची. मामाने न बोलता सेक्रेटरींपुढे आणखी शेंगा सरकवल्या.

हल्ली फार्महाऊसवाले पनीर घालून, गॅसवर पातेल्यात 'पोपटी' करतात आणि माणशी पैसे घेतात. ती वाफवलेली भाजी आहे. खरी खायची असेल तर पौष-माघात पनवेल-पेणकडे एखादा मामा गाठा, आणि मडकं लिफ्टने नेऊ नका.